कार्यसूत्रधार आज्ञावली : क्रम, नोंद आणि मुक्तस्रोत

१. हस्तलिखितांच्या संग्रहांतून पोथ्यांचीं व दप्तरांचीं छायाचित्रें घेण्याचें काम आज अनेक ठिकाणीं चालू आहे. पोथीच्या एका पत्राचें छायाचित्र घेतलें म्हणजे तें काम संपत नाहीं. चित्रास क्रमांक द्यावा लागतो, त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी लागते, वाचकांसाठीं लहान प्रत काढावी लागते, आणि शेवटीं सूचींत नोंद करावी लागते. पत्रें शें-दोनशें असतील तोंपर्यंत हें सर्व एका दक्ष मनुष्याच्या हातून होतें. तीं हजारांवर गेलीं म्हणजे काम संगणकाकडे सोंपवावें लागतें, आणि सोंपविल्यावर तीन प्रश्न उभे राहतात. कोणतें काम कोणत्या कामाच्या आधीं व्हावें? तें खरोखर झालें किंवा नाहीं? मध्येंच कांहीं बिघडल्यास कोठपर्यंतचें काम विश्वसनीय मानावें? या प्रश्नांच्या उत्तरासाठीं संगणकशास्त्रांत जी साधनें निर्माण झालीं, त्यांना इंग्रजींत 'वर्कफ्लो ऑर्केस्ट्रेशन' असें नांव आहे. आम्ही त्यांस कार्यसूत्रधार आज्ञावली म्हणतों. नाटकांतील सूत्रधार सर्व पात्रांच्या भूमिका स्वतः करीत नाहीं. कोणी केव्हां रंगभूमीवर यावें तें तो पाहतो. या आज्ञावलीचेंही कार्य तेंच होय. तिची उत्पत्ति, रचना व मर्यादा सांगून संग्राहकांनीं तिजपासून काय घ्यावें, हें दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

२. या कल्पनेचें मूळ अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत सांपडतें. तेथें इ. स. १९७६ सालीं स्टुअर्ट फेल्डमन यांनीं 'मेक' नांवाची आज्ञावली रचिली. तिचें निमित्त असें कीं, त्यांच्या एका सहकाऱ्यानें आपल्या लेखनांतील दोष शोधण्यांत एक सबंध सकाळ घालविली. वस्तुतः दोष त्यानें आधींच दुरुस्त केला होता. परंतु दुरुस्त लेखनावरून यंत्रोपयोगी प्रत पुन्हां तयार करण्याचें राहून गेलें होतें, आणि तो जुनीच प्रत चालवून पाहत होता. मूळ सुधारलें पण त्यावरून केलेली नक्कल जुनीच राहिली, हा प्रकार पोथ्यांच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. फेल्डमन यांनीं उपाय केला तो असा : कोणती वस्तु कोणत्या वस्तूवरून तयार होते हें एका पत्रकांत लिहून ठेवावयाचें. मूळ नक्कलेहून नवें दिसल्यास आज्ञावलीनें नक्कल पुन्हां करावी, नाहींतर हात लावूं नये.

या 'मेक'च्या पत्रकांत प्रत्येक आज्ञेच्या आरंभीं 'टॅब' नांवाचें अदृश्य चिन्ह घालावें लागतें. साधी मोकळी जागा सोडल्यास दोष येतो, व डोळ्यांस दोहोंतील भेद दिसत नाहीं. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानांत आली होती. परंतु तोंवर डझनभर लोक तें साधन वापरूं लागले होते, आणि त्यांचीं पत्रकें बिघडूं नयेत म्हणून त्यांनीं नियम तसाच ठेवला. पुढें वापरणारे असंख्य झाले, तरी मूळ संकेत आजही तोच आहे. बारा वाचकांच्या सोयीसाठीं राखलेला पाठ परंपरेंत कसा कायम होतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण पोथ्यांतही क्वचितच मिळेल.

३. 'मेक'नें क्रमाचा विचार केला. वेळेचा विचार 'क्रॉन' या आज्ञावलीनें केला. हें नांव काळवाचक ग्रीक शब्दावरून आलें आहे. इ. स. १९७९ सालच्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तींत ती होती, आणि तिच्या वंशजा अद्यापि चालू आहेत. तिच्या पत्रकाच्या प्रत्येक ओळींत मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशीं पांच अंगें प्रचलित आहेत. म्हणून त्यास संगणकाचें पंचांग म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु पंचांग मुहूर्त सांगतें, कार्य सिद्धीस गेलें किंवा नाहीं हें सांगत नाहीं. क्रॉनचीही मर्यादा हीच. नेमल्या वेळीं काम सुरू करून दिलें कीं तिचें मुख्य कर्तव्य संपलें.

या मर्यादेपासून केवढा अनर्थ होऊं शकतो, हें 'गिटलॅब' या संस्थेनें स्वतः प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतावरून समजतें. ता. ३१ जानेवारी १९१७ नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, म्हणजे २०१७ सालच्या त्या दिवशीं तेथील एका अभियंत्यानें बिघाड दुरुस्त करीत असतां दुय्यम यंत्रावरील समजून मुख्य यंत्रावरील विदा पुसली. राखीव प्रत आणावयास जावें तों ती जागा रिकामी! रोजची राखीव प्रत करणारें साधन जुन्या आवृत्तीचें असल्यानें तें काम बरेच दिवस निष्फळ होत होतें. क्रॉनकडून निघणारीं अपयशाचीं सूचनापत्रें टपालव्यवस्थेनें अप्रमाणित म्हणून नाकारलीं होतीं, त्यामुळें तीं कोणाच्या दृष्टीस पडलीं नाहींत. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कारणासाठीं हातानें घेतलेली एक प्रत सांपडली व तीवरून काम सावरलें. मधल्या सहा तासांची विदा मात्र गेली. काम ठरलेलें होतें, वेळ ठरलेली होती, आज्ञाही निघत होती. काम झालें कीं नाहीं याची कोणी पाहील अशी नोंद तेवढी नव्हती.

४. क्रम, वेळ व नोंद या तिन्हींचा एकत्र विचार करणाऱ्या मुक्तस्रोत साधनांत 'अपाची एअरफ्लो' हें विशेष प्रसिद्ध आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील 'एअरबीएनबी' या कंपनींत मॅक्सिम बोशमँ यांनीं इ. स. २०१४ सालीं त्याचा आरंभ केला. २०१५ सालीं तें सर्वांस खुलें झालें, २०१६ सालीं अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या उमेदवारी विभागांत दाखल झालें, आणि २०१९ च्या जानेवारींत त्यास तेथें पूर्ण प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याचीं कार्यपत्रकें 'पायथन' या संगणकभाषेंत लिहितात. त्याचे मुख्य घटक चार : कोणत्या कामाची पाळी आली हें पाहणारा नियोजक, प्रत्यक्ष काम करणारे कामकरी, प्रत्येक कामाची स्थिति लिहून ठेवणारी नोंदवही, आणि ती नोंद मनुष्यास दाखविणारा फलक. व्यापारी पेढ्या रोजचे हिशेब जुळविण्यासाठीं, आणि आज्ञावलीकार विदा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊन तपासण्यासाठीं अशा साधनांचा उपयोग करितात.

५. आतां क्रमाविषयीं. एअरफ्लोच्या पत्रकांत कामें कोणत्या अनुक्रमानें लिहिलीं आहेत यावर त्यांचा करण्याचा क्रम ठरत नाहीं. कोणतें काम कोणावर अवलंबून आहे हें स्पष्ट सांगावें लागतें, आणि त्यावरून क्रम निघतो. मीमांसकांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. क्रम ठरविण्याचीं जीं सहा प्रमाणें त्यांनीं सांगितलीं आहेत, त्यांत अर्थक्रम हा पाठक्रमाहून बलवान् मानिला आहे. त्यांचें नेहमींचें उदाहरण अग्निहोत्राचें. वचनांत होम आधीं व यवागू शिजविणें मागून येतें. परंतु यवागू होमासाठींच असल्यामुळें ती आधीं शिजविली पाहिजे, असा निर्णय प्रयोजनावरून होतो. एअरफ्लोचा नियोजक पाठक्रम सोडून अर्थक्रम धरतो, असें म्हटलें म्हणजे त्याची निम्मी रचना सांगून झाली.

दुसरा नियम असा कीं, या अवलंबनांत चक्र असतां कामा नये. 'क' हें 'ख' वर व 'ख' हें 'क' वर अवलंबून असेल तर कोणतेंच काम सुरू होणार नाहीं. नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणतात. तीन किंवा अधिक कामांचें वर्तुळ झाल्यास तो चक्रक दोष होय. असा दोष आढळल्यास एअरफ्लो तें पत्रक स्वीकारीत नाहीं. चक्ररहित जाळ्यांतून कामांचा सरळ क्रम काढण्याची एक रीति आर्थर कान यांनीं इ. स. १९६२ सालीं प्रसिद्ध केली. ती अशी कीं, ज्यास कशाचीही अपेक्षा नाहीं तें काम प्रथम घ्यावें, तें जाळ्यांतून काढावें, व उरलेल्यांत पुन्हां तसेंच काम शोधावें.

६. नोंदीचें महत्त्व क्रमाहूनही अधिक आहे. प्रत्येक काम प्रत्येक वेळीं यशस्वी झालें, अयशस्वी झालें, वगळलें गेलें, किंवा त्याच्या आधींचें काम फसल्यामुळें सुरूच झालें नाहीं, हें एअरफ्लो वेगवेगळें लिहून ठेवतें. अयशस्वी झालेलें व आधींचें काम फसल्यामुळें सुरूच न झालेलें, हे दोन प्रकार निराळे ठेवण्यांत मोठी सोय आहे. कारण दोष कोठें उत्पन्न झाला व कोठें केवळ त्याचा परिणाम पोंचला, हें तत्काळ कळतें. फसलेलें काम ठराविक अंतरानें पुन्हां करून पाहण्याची, तसेंच मागील तारखांचें राहिलेलें काम भरून काढण्याची योजनाही त्यांत आहे.

मात्र पुन्हां करण्यांत एक धोका आहे. लेखक उठून गेला व परत येऊन तीच ओळ दुसऱ्यानें लिहूं लागला, म्हणजे पोथींत द्विरुक्ति होते. संगणकाचेंही तसेंच. 'सूचीच्या शेवटीं एक नोंद वाढव' अशी आज्ञा दोनदां चालली तर एकाच पत्राच्या दोन नोंदी होतील. 'सतराव्या पत्राची नोंद अशी असो' ही आज्ञा कितीही वेळां चालली तरी फल एकच. म्हणून काम असें रचावें कीं पुनरावृत्तीनें त्यास बाध येऊं नये. हा विवेक आज्ञावली स्वतः करीत नाहीं. पत्रक लिहिणाऱ्यानेंच तो केला पाहिजे.

याच संबंधांत, २०२५ च्या एप्रिलांत निघालेल्या एअरफ्लोच्या तिसऱ्या आवृत्तीपासून कार्यपत्रकाच्या आवृत्त्यांचीही नोंद राहते. पूर्वीं पत्रक बदललें कीं जुनें काम कोणत्या पत्रकाप्रमाणें झालें हें फलकावर नीट कळत नसे. आतां तें कळूं शकतें. पाठभेदांचा इतिहास राखल्यावांचून संशोधित प्रतीस किंमत नाहीं, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस या सुधारणेचें महत्त्व वेगळें सांगणें नको.

७. मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, या शब्दाचा अर्थही येथें स्पष्ट केला पाहिजे. कोणी आपल्या जवळची पोथी पाहूं देतो पण उतरूं देत नाहीं. कोणी उतरूं देतो पण छापूं देत नाहीं. कोणी तिन्हींची मोकळीक देतो. आज्ञावलींचेंही तसेंच आहे. १९९८ सालीं स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येप्रमाणें मुक्तस्रोत आज्ञावली वाचण्याची, बदलण्याची व वांटण्याची मोकळीक पाहिजे, आणि कोणत्या उद्योगासाठीं वापरावी यावर निर्बंध नसावा. एअरफ्लो अपाची परवान्याखालीं असल्यामुळें या व्याख्येंत बसतें. बर्लिन येथें निर्माण होऊन २०१९ सालीं पुढें आलेलें 'एन-एट-एन' हें साधन चित्रफलकावर कामें जोडण्यास सोपें आहे व त्याचा स्रोतही दिसतो. परंतु त्याच्या परवान्यांत व्यापारी उपयोगावर कांहीं निर्बंध आहेत, म्हणून तें या व्याख्येंत बसत नाहीं. तें वापरूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. दर्शनाची परवानगी ही नकलेची परवानगी समजूं नये, इतकेंच आमचें सांगणें. ज्या संग्रहाचें आयुष्य शतकांनीं मोजावयाचें, त्याच्या कार्यपत्रकांचा अर्थ एखाद्या कंपनीच्या आयुष्याशीं बांधलेला नसावा.

८. आतां संग्राहकांनीं यांतून काय घ्यावें? एका रुमालाचें उदाहरण घेऊं. त्यांतील प्रत्येक कागदाचें छायाचित्र झाल्यावर पहिलें काम त्या चित्राची अंकमुद्रा काढण्याचें. 'शा-२५६' या रीतीनें कोणत्याही चित्रावरून ६४ चिन्हांची मुद्रा निघते. चित्रांत यत्किंचित् फरक झाला तरी मुद्रा बदलते. दुसरें काम चित्राची प्रत दुसऱ्या ठिकाणीं नेऊन तेथें मुद्रा पुन्हां काढण्याचें. दोन्ही मुद्रा जुळल्या तरच तिसरें काम, म्हणजे लहान प्रत काढणें. चौथें, चित्रांची संख्या रुमालाच्या यादीशीं ताडणें. पांचवें, जाणत्या मनुष्यानें चित्र पाहून संमति देणें. सहावें, सूचींत नोंद. यांतील पांचवें वगळून बाकीचीं सर्व कामें कार्यसूत्रधाराकडे निःशंक सोंपवावीं. पांचव्याच्या ठिकाणीं मात्र सांखळी थांबली पाहिजे.

याचें कारण असें. फलकावर 'यशस्वी' हा शब्द दिसतो, त्याचा अर्थ आज्ञा दोषावांचून संपली एवढाच. कागद उलटा ठेवून घेतलेलें चित्र, अस्पष्ट चित्र, एका कागदाचें दोनदां घेतलेलें व शेजारच्याचें राहिलेलें चित्र, हीं सर्व यंत्राच्या दृष्टीनें यशस्वी होत. शेवटच्या उदाहरणांत तर यादीची संख्याही बरोबर जुळेल! मोडी लिपीस २०१४ सालीं युनिकोडच्या सातव्या आवृत्तींत स्थान मिळालें, त्यामुळें मोडी अक्षरें संगणकांत सांठवितां येतात. पण जीर्ण कागदावरील घसटलेल्या मोडीचें वाचन प्रमाण आहे किंवा नाहीं, हा निर्णय अद्यापि मोडीवाचकाचाच आहे.

लहान संग्रहास एवढें मोठें साधन एकदम उभें करण्याची गरज नाहीं. कामांची यादी, प्रत्येकाचें अवलंबन आणि प्रत्येकाच्या परिणामाची नोंद या तीन गोष्टी प्रथम साध्या वहींत लिहाव्या. ज्यास ही वही लिहितां येत नाहीं, त्याचें काम कोणतीही आज्ञावली सावरणार नाहीं. ज्यानें ती नीट लिहिली, त्यास पुढें ती यंत्राच्या भाषेंत उतरविणें कठीण जाणार नाहीं. शिवाय राखीव प्रत आहे असें समजून स्वस्थ बसूं नये. महिन्यांतून एकदां तीवरून एखादें दप्तर प्रत्यक्ष उघडून पाहावें. कागद वाळवीनें गेला तर भोंक तरी दिसतें. संगणकांतील प्रत गेली असतां, पाहिल्यावांचून कांहींच दिसत नाहीं.