घरच्या कोंबड्यांच्या उवा आणि खुराड्यांतील लाल कीड

उसाचें बेणें आणि डाळिंबाचा बहार ह्यांविषयीं आपण शेतकरी मंडळी तासन् तास बोलतों. कोंबडीची गोष्ट निघाली कीं ती बायकांची बाब म्हणून बाजूस सारतों. सात-बाराच्या उताऱ्यावर कोंबडीस रकाना नाहीं, हें महसुली दप्तर लिहून निवृत्त झालेले आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. परंतु तेलामिठाचा व पोरांच्या वह्यांचा खर्च पुष्कळ घरीं अंड्यांवरच निघतो, आणि तीं बंद पडलीं म्हणजे मगच धन्याचें लक्ष खुराड्याकडे जातें. आमचेंही तसेंच झालें.

गेल्या चैत्रांत आमच्या येथें, लोणी देवकरास, ११ कोंबड्यांपैकीं ३ एका पंधरवड्यांत दगावल्या. तुरे फिके पडले, अंडीं आटलीं, आणि १३ अंड्यांवर बसविलेली खुडूक कोंबडी चौदाव्या दिवशीं तीं टाकून उठली. प्रथम मानमोडीची शंका आली. पण मानमोडींत मान वांकडी होते, हिरवी हगवण लागते आणि थोड्याच दिवसांत सगळा कळप झोडपून निघतो. येथें तसें कांहींच नव्हतें. दिवसा एक कोंबडी धरून पिसें उलटून पाहिलीं, तों चार-दोन उवा दिसल्या. कारण सांपडलें असें वाटून आम्हीं उसावर फवारण्याच्या औषधाचा डबा उघडला. सूनबाईंनीं तो आमच्या हातांतून काढून घेतला. "मामंजी, हीच अंडी पोरं खातात," एवढेंच त्या म्हणाल्या. मातोश्री ओसरीवरून ऐकत होत्या. "दिवसा कोंबडी काय बघतोस? रात्री दिवा घेऊन खुराडं बघ," असा त्यांचा हुकूम झाला.

रात्रीं दहाच्या सुमारास विजेरी घेऊन आम्हीं खुराड्याचा पंचनामा केला. कोंबड्या ज्या बाभळीच्या दांड्यावर बसतात, त्याच्या खालच्या अंगास पांढरें फडकें फिरविलें, तों तें जागोजाग रक्तानें तांबडें झालें. दांडा भिंतींत रोवलेला होता, तेथील फटींत मिरपूड सांडावी तसे असंख्य जीव वळवळत होते. रक्त प्यालेले लाल, उपाशी असलेले राखी. दिवसा ज्या कोंबडीच्या अंगावर ह्यांपैकीं एकही नव्हता, तिच्या पायांवरून ते रांगेनें वर चढत होते. खुडूक कोंबडी तर रात्रंदिवस त्याच भिंतीशीं बसलेली. ती उठली ह्यांत नवल तें काय?

आपल्याकडे कोंबडीच्या अंगावरील बारीक जिवांस सरसकट उवा म्हणतात, आणि चूक होते ती येथेंच. ऊ जन्मते, वाढते व मरते ती कोंबडीच्याच अंगावर. रंगानें ती वाळल्या गवतासारखी पिंवळट असून पिसें व कातडीचा कोंडा खाते. शेपटीखालीं पिसांच्या बुडाशीं तिच्या लिखांचे पांढरे झुबके दिसतात. कोंबडीपासून दूर पडली कीं साधारण आठवड्याच्या आंत ती मरते. लाल कीड, जिला पशुवैद्य लाल माइट म्हणतात, ती आठ पायांची, गोचिडाच्या गोत्रांतली. दिवसा ती फटींत दडते, रात्रीं रक्त पिते व परत फटींत जाते. उबदार हवेंत अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास तिला सात ते दहा दिवस पुरतात, आणि उपाशी ती कित्येक महिने जगते. म्हणून खुराडें महिनाभर रिकामें ठेवून कांहीं साधत नाहीं. उवांस औषध कोंबडीच्या अंगावर करावें लागतें, लाल किडीस घरावर. आम्ही कोंबडी कितीही धुतली असती, तरी पुढच्या रात्रीं तोच प्रकार झाला असता.

आम्हीं केलें तें असें. कोंबड्या आठ दिवस दुसरीकडे डालग्यांखालीं ठेविल्या. खुराड्यांतील गवत जाळलें, दांडे व पत्रे काढून चैत्राच्या उन्हांत टाकले. सुमारें ४५ अंशांवरील उष्णतेंत ही कीड तग धरीत नाहीं, आणि आपल्याकडील उन्हांत पत्रा त्याहून तापतो. प्रत्येक फटींत उकळतें पाणी ओतलें, फटी शेणमातीनें लिंपल्या व वरून दाट चुना दिला. हें एकदां करून भागत नाहीं. वांचलेल्या अंड्यांतून नवी फळी निघते, म्हणून सात-सात दिवसांनीं आणखी दोन वेळां केलें. नवा दांडा गुळगुळीत घेतला व भिंतीस न टेकवितां दोन खुंट्यांवर ठेविला. चुना मात्र कोंबडीच्या अंगास लावूं नये, कातडी भाजते.

उवांसाठीं कोंबडीची धुळवड हाच मुख्य उपाय. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूच्या पेटींत गंधकाची पूड मिसळली असतां उवा व अंगावर राहणारे माइट दोन्ही फार घटले. पेटी काढून घेतल्यावरही त्यांची संख्या कमीच राहिली. आम्हीं सांवलींत कोरडी माती, चाळलेली राख व थोडा गंधक ह्यांचा खळगा केला आहे. फार उवा असतील तर तीच पूड शेपटीखालीं व पंखांखालीं चोळावी, आणि लिखा फुटत असल्यामुळें दहा-बारा दिवसांनीं पुन्हां चोळावी. सीताफळाच्या बियांची पूडही उवा मारते, पण डोळ्यांत गेली तर कोंबडीसही व माणसासही घातक. आम्ही ती वापरीत नाहीं. पायांचे खवले उचलून खडबडीत झाले असतील तर तो निराळ्याच माइटाचा उपद्रव. तेथें साबणाच्या कोमट पाण्यानें पाय धुवून तेल लावीत राहावें.

आतां त्या डब्याविषयीं. फिप्रोनिल हें औषध आपण उसाच्या खोडकिडीवर वापरतों. तेंच कोणी लाल माइटाच्या, वनस्पतींपासून केलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या औषधांत मिसळलें, आणि २०१७ सालीं हॉलंड, बेल्जम इत्यादि देशांत अंड्यांत त्याचा अंश उतरल्याचें उघडकीस आलें. लाखों अंडीं नष्ट करावीं लागलीं. तेथें निदान तपासणी झाली. आपल्या घरचें अंडें कोण तपासणार? दुकानी औषध लागलेंच तर पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून, अंडीं किती दिवस टाकावयाचीं हेंही विचारून, मगच घ्यावें.

मृगांत तीच कोंबडी पुन्हां खुडूक झाली. बसविण्यापूर्वीं तिला पूड चोळली व १३ अंडीं दिलीं. १० पिल्लें निघालीं. आईच्या उवा पिल्लांच्या डोक्यावर चढतात, म्हणून रोज सकाळीं तीं डोकीं पाहण्याचें काम नातवाकडे दिलें आहे. खुराड्याचा रात्रीचा पंचनामा मात्र अद्याप आमच्याकडेच आहे.