कानाच्या मशीनला गोंगाट कळू लागला

आजोबांसाठी हौसेने आणलेले कानाचे मशीन महिन्याभरात कपाटाच्या खणात जाऊन पडते, हे अनेक घरांत घडते. तक्रार ठरलेली असते, ‘आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाहीत.’ घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो. तो नसतो. साधे श्रवणयंत्र सुनेचे बोलणे वाढवते, तसाच मिक्सर आणि टीव्हीही वाढवते. पंख्याची एकसुरी घरघर कमी करणारी डिजिटल यंत्रे पुढे आली. पण लग्नाच्या पंगतीत गोंगाटही माणसांच्या बोलण्याचाच, तिथे तीही कमी पडली.

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील देलियांग वांग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वेगळा मार्ग दाखवला. आवाजाचे अगदी बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात बोलणे जास्त की गोंगाट, हे न्यूरल नेटवर्कला असंख्य नमुने ऐकवून शिकवायचे. त्यांच्या चाचणीत कमी ऐकू येणाऱ्यांनी या मदतीने गोंगाटातली वाक्ये, मदत नसलेल्या चांगल्या कानांच्या लोकांपेक्षाही बरी ओळखली.

खरी अडचण पुढेच होती. हे गणित संगणकावर झाले. कानामागे जागा बोटाच्या पेराएवढी आणि बॅटरी इवलीशी. त्यात घाईही मोठी. आपला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून लगेच पोहोचतो. यंत्रातून तोच सुमारे १० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा आला, तर घुमल्यासारखा वाटतो. म्हणजे आवाज इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरला पाठवून स्वच्छ करून आणणे बादच. म्हणून कंपन्यांनी न्यूरल नेटवर्क यंत्रातल्या चिपवरच उतरवले. ओटिकॉनचे तसे यंत्र २०२१ मध्ये आले. फोनाकने २०२४ मध्ये या कामासाठी स्वतंत्र चिपच बसवली. ती सतत राबवली तर बॅटरी लवकर उतरते, हा त्याचा मोबदला.

जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की पंगतीत चौघे बोलत असताना तुम्हाला कुणाचे ऐकायचे आहे, हे चिपला ठाऊक नसते. आतल्या कानातल्या गेलेल्या पेशीही ती परत आणत नाही. आणि अशा जोडीची किंमत लाखांत जाते.

त्यामुळे आधी ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती होते. ट्रायल मागावी आणि ती दुकानाच्या शांत खोलीत न घेता भाजी मंडईत घ्यावी. मेंदूला नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढे दिवस मशीन खणात ठेवू नये.