पेशीच्या पाठीवर लोखंडाची खूण

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत ग्राइंडरवर ज्याची हयात गेली, त्याला एम.आर.आय.च्या खोलीत सोडण्यापूर्वी हटकून विचारतात, ‘‘डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?’’ मलाही विचारले. प्रश्न रास्तच आहे. तिथल्या प्रचंड चुंबकाने तो कण जागचा हलला, तर दृष्टीच जायची!

आणि गंमत पाहा, याच यंत्रासाठी डॉक्टर मुद्दाम लोखंड शरीरात घालतात! अर्थात ते आमच्या कारखान्यातल्या बुऱ्यासारखे नव्हे. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण फार तर शे-दीडशे नॅनोमीटरचे, म्हणजे गंजाचीच भावंडे, पण वर साखरेच्या जातीचा लेप दिलेली. काचपात्रातल्या जिवंत पेशी ते गिळतात. मग त्या पेशी रोग्याला टोचल्या, की जिथे त्या असतील तिथे चित्रात काळा डाग उमटतो. कारण लोखंडाभोवतीच्या पाण्याचा संदेश बिघडतो.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. हॉलंडातील नायमेगेनच्या संशोधकांनी २००५ साली तो दाखवून दिला. मेलानोमा या कर्करोगाच्या आठ रोग्यांना त्यांच्याच संरक्षक पेशी रोगाची ओळख पटवून परत टोचायच्या होत्या, त्याही नेमक्या लसिकाग्रंथीत. सुई ध्वनिलहरींच्या चित्रावर पाहत घातलेली, हात सरावलेले. तरी एम.आर.आय.ने काय सांगितले? चौघांच्या बाबतीत पेशी ग्रंथीबाहेरच पडल्या होत्या! लोखंडाची खूण नसती, तर गुण न येण्याचे खापर बिचाऱ्या लसीवर फुटले असते.

मात्र या साक्षीदारावर डोळे मिटून विसंबू नये. पेशी मेली तरी तिचे लोखंड मागे राहते. ते साफसफाई करणाऱ्या दुसऱ्या पेशी गिळतात, आणि डाग आपला जागच्या जागी! उलट पेशी जगून दुणावत गेली, तर लोखंड लेकीबाळींत वाटले जाऊन डाग फिकट होतो. डाग लोखंड कुठे आहे ते सांगतो, जीव आहे की नाही ते सांगत नाही.

पुण्यातील ॲक्टोरियस संस्थेने चुंबकी कणांचा दुसरा उपयोग केला. रक्तात भटकणारी कर्करोगाची पेशी असे कण चिकटवून नमुन्यातून ओढून काढायची. तिथे निदान सापडलेला चोर सूक्ष्मदर्शकाखाली धरून निरखता तरी येतो.