वर्गणीचे पदक

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांनी वर्गणी मागितली. स्वतःच्या गोळेश्वर गावात मागितली, कराडच्या बाजारपेठेत मागितली, कोल्हापुरात मागितली. कुणी रुपया दिला, कुणी पाच दिले. मुंबई राज्य सरकारकडे त्यांनी ४००० रुपये मागितले होते. तेव्हा मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. स्पर्धा आटोपल्यावर या, असे उत्तर मिळाल्याचे कराडकर आजही सांगतात. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले, तेव्हा कुठे प्रवासाचे गणित जुळले.

खाशाबांचे नाव निघाले की महाराष्ट्रात कुणीही पटकन सांगतो : स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा पहिला खेळाडू. ते खरेच आहे. पण कराड-कोल्हापूरकडची जुनी माणसे त्यांची गोष्ट सांगायला बसली की पदकाला शेवटी एखादे वाक्य मिळते. आधी येते ते खर्डेकरांचे घर, मग वर्गणी, मग त्यांचा ढाक डाव. हेलसिंकीची कुस्ती गावातल्या कुणी पाहिलेली नव्हती. चित्रफीत नाही, मराठीतून धावते वर्णन नाही. लोकांनी जपली ती आपण डोळ्यांनी पाहिलेल्या, आपण पैसे दिलेल्या पैलवानाची आठवण.

आमच्या खानदेशातल्या अक्कलकुव्याहून कराड पाचशे किलोमीटरहून लांब. इथे सातपुडा, तिथे सह्याद्री. इथल्या पोरांची बोली वेगळी, पाण्याची चव वेगळी. तरीही २०२४ पासून १५ जानेवारीला, खाशाबांच्या जन्मदिवशी, राज्य क्रीडा दिन साजरा होऊ लागला आणि तळोदा प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांपर्यंत हे नाव सरकारी पत्रकातून पोहोचले. पत्रकात पदकाचे साल असते. त्या पदकाचे पैसे कुणी भरले हे पत्रकात येत नाही. इथल्या मोलगी किंवा डाबकडच्या ज्या मुलाच्या अंगात वेग आहे आणि घरात एसटीच्या भाड्यापुरतेही पैसे नाहीत, त्याच्या कामाचा भाग नेमका तोच आहे. म्हणून हा लेख.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. घरात लाल माती अंगाला लागायला वेगळे निमित्त लागत नव्हते. शाळा कराडचे टिळक हायस्कूल. १९४२ च्या चळवळीत या पोराने भूमिगतांना आसरा द्यायला, निरोप पोहोचवायला मदत केली, असे त्यांच्या चरित्रात येते. सातारा जिल्ह्यात तेव्हा प्रतिसरकारचे वारे होते. त्या भागातला धडधाकट मुलगा त्यापासून दूर राहिला असता तरच नवल. पुढे कॉलेजसाठी ते कोल्हापूरला आले.

कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचे कोल्हापूर. १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात हौद्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत कुठूनही कुस्ती नीट दिसते. पेठापेठांत तालमी, पहाटे जोर-बैठका, मग माती उकरायची, लढत धरायची, दूध-बदामाचा खुराक. अशा गावात राजाराम महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव द्यायला गेलेल्या खाशाबांना क्रीडाशिक्षकांनी परत पाठवले. कारण अंगकाठी. उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास. भोवती गर्दनदार पैलवान असताना हे पोर कुस्तीचे वाटायचेच नाही. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली आणि आपल्यापेक्षा थोराड गड्यांना त्यांनी एकामागून एक पाडले. मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. प्राचार्यांनी त्या दिवशी पोराला दारातून परत पाठवले असते, तर पुढे गहाण टाकण्याचा प्रसंगच आला नसता.

बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद. खाशाबांची ताकद पायांत आणि डोक्यात होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान काखेत घट्ट धरायची, त्याच क्षणी अंग आत वळवून कंबर त्याच्या पोटाखाली न्यायची आणि त्याच्याच वजनाने त्याला पाठीवर आणायचे. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मान आधी धरली आणि कंबर उशिरा गेली की ढाक मारणाराच खाली जातो. लहान चणीच्या माणसाला हा डाव फळतो, कारण त्याची कंबर आधीच समोरच्यापेक्षा खाली असते. जे अंग पाहून त्यांना नाकारले होते, तेच त्यांचे हत्यार झाले. पुढे परदेशी पत्रकार त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणू लागले.

१९४८ चे लंडन. कोल्हापूरच्या महाराजांनी त्या प्रवासाचा खर्च उचलला. मातीतला पैलवान पहिल्यांदा गादीवर उभा राहिला. हा बदल किती मोठा, हे कुस्ती न पाहिलेल्यांना सांगावे लागते. मातीत पाय रुततो, त्याच्या जोरावर पट अडवता येतो. गादीवर तोच पाय निसटतो. मातीतल्या कुस्तीला एकच निकाल माहीत : दोन्ही खांदे टेकले की चितपट. गादीवर घड्याळ असते, पंच असतात, गुण असतात, आणि न पडताही हरता येते. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना गादीच्या चार गोष्टी शिकवल्या. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांत लोळवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून हार पत्करावी लागली आणि सहावा क्रमांक मिळाला. पहिल्यांदाच गादी पाहिलेल्या मुलासाठी तो क्रमांक फार मोठा होता.

पुढची चार वर्षे त्यांनी वजनगट वाढवून ५७ किलोसाठी तयारी केली. पण निवडीतच खोडा पडला. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने आपल्याला मुद्दाम मागे ठेवले, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, निवड-कुस्ती पुन्हा लावून घेतली आणि समोरच्याला पाठीवर टाकून नाव मिळवले. न्याय मागायला भीड बाळगायची नाही, हा त्यांचा कॉलेजातला स्वभाव इथेही कामी आला.

हेलसिंकीच्या मेसुहाली सभागृहात कॅनडाचे पोलिकिन, मेक्सिकोचे बासुर्तो, जर्मनीचे श्मिट्झ हे तिघे त्यांच्यापुढे टिकले नाहीत. मग जपानचे शोहाची इशी. पूर्ण वेळ चाललेली ती दमवणारी कुस्ती खाशाबा हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्ह यांच्याविरुद्ध उभे केले गेले. दोन लढतींमध्ये विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो बोलून दाखवायला त्या वेळी तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. इंग्रजीतून भांडण्याइतकी ओळख आणि आधार एकट्या पैलवानाकडे कुठून असणार? थकल्या अंगाने तीही कुस्ती गेली. सुवर्ण इशींना, रौप्य ममदबेयोव्हना, कांस्य खाशाबांना. तारीख २३ जुलै १९५२.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्ण जिंकले. त्यात बलबीरसिंगांचे एकट्याचे पाच गोल होते. देशाच्या आनंदाला हॉकी पुरून उरली. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले होते. त्यांचे नाव आज कोल्हापूरबाहेर किती जणांना माहीत आहे? पदकापासून एक पायरी खाली राहिलेल्या या माणसावर एक वेगळा लेख लिहायला हवा.

दिल्लीने जे स्वागत केले नाही ते कराडने केले. १५१ बैलगाड्या जोडल्या गेल्या. ढोल, ताशे, हलगी. कराड स्टेशनहून गोळेश्वरला जायला एरवी पंधरा मिनिटे लागत, त्या दिवशी सात तास लागले. ही वरात पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली, पण त्यांच्या मुलानातवंडांना ती ऐकून पाठ आहे. त्या गर्दीत बसलेल्या कित्येकांनी स्वतः वर्गणी दिली होती. म्हणून ते पदक त्यांना नुसते बघायचे नव्हते, हातात घेऊन पाहायचे होते. सात तास त्याला लागले.

त्यानंतर खाशाबांनी जे केले त्यात माझ्या मते पदकाइतकेच मोठेपण आहे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या धरल्या, त्यातून आलेली रक्कम खर्डेकरांना दिली आणि गहाण घर सोडवले. सत्कारांच्या धामधुमीत ही गोष्ट कुणी मागे टाकली असती तरी लोकांनी समजून घेतले असते. त्यांनी आधी ती उरकली.

कॉलेजातल्या खेळाडूवर गाव किती प्रेम करते ते पाहायचे तर अमेरिकेतले कॉलेजांचे फुटबॉल संघ पाहावेत. मिशिगनसारख्या विद्यापीठाच्या मैदानावर लाखाच्या वर प्रेक्षक बसतात, आणि संघ चालवणारा क्वार्टरबॅक पन्नास वर्षांनंतरही त्या गावाचा असतो. मोडक्या बोटांनी, दुखऱ्या बरगड्यांनी खेळलेला त्याचा एखादा सामना आजोबा नातवाला सांगतात. कॉलेज त्याचा पुतळा उभारते, त्याच्या जर्सीचा क्रमांक दुसऱ्याला देत नाही. आपल्याकडे कॉलेजच्या खेळाला तेवढा पैसाही नाही आणि तेवढे प्रेक्षकही नाहीत. तरी तसे प्रेम एका कॉलेजातल्या खेळाडूला मिळाले आणि ते पेठांनी, तालमींनी, गावजत्रांनी सांभाळले. आमच्या खानदेशातही जत्रेला कुस्त्या होतात. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मोठ्यांच्या इनामावर. हलगी कडाडली की तमाशाच्या तंबूकडे निघालेला माणूसही वळून मैदानाकडे येतो. तिथे बसलेल्या जाणत्यांसमोर खाशाबांचा विषय काढून पाहा. कराड कधी न पाहिलेला माणूससुद्धा ढाक कशी मारायची ते हाताने करून दाखवतो.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, पुढे पोरांना शिकवले. १९५६ च्या मेलबर्नसाठी तयारी सुरू असताना गुडघा दुखावला आणि ऑलिंपिक तिथेच संपले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना खेटे घालावे लागले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या ज्योतदौडीत त्यांना बोलावले गेले, हाच उतारवयातला मोठा मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले.

मग मानसन्मान येत राहिले, सगळे मरणानंतरचे. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदीच्या दशकात, अर्जुन पुरस्कार २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. त्याच स्पर्धांत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटर धावण्यात कांस्य मिळवले. आदिवासी पाड्यावरच्या मुलीचे ते पदक इथल्या आश्रमशाळांत अजून सांगितले जाते. २०२३ च्या जानेवारीत गुगलनेही खाशाबांचे चित्र लावले. हयातीत मात्र त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही, आणि गोळेश्वरला कुस्ती केंद्र उभारण्याचे शब्द वर्षानुवर्षे हवेत राहिले. २०१७ साली कुटुंबीयांवर अशी वेळ आली की, केंद्रासाठी पैसा उभा करायला पदकाचाच लिलाव करू, असे त्यांनी जाहीर केले. ज्या गावाने रुपया-रुपया घालून ते पदक आणवले, त्या गावातून ते विकायची भाषा निघावी, याचे मला फार वाईट वाटले. ती बातमी वाचून कुणाला राग आला असेल तर तो कुटुंबीयांवर निघू नये.

खाशाबांनंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडले; अटलांटात लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्य जिंकले. कुस्तीला २००८ पर्यंत सुशीलकुमारची वाट पाहावी लागली. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते थेट १ ऑगस्ट २०२४ रोजी : पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात स्वप्नील कुसाळेचे कांस्य. मध्ये बहात्तर वर्षे गेली. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीचा. त्याच्या पदकाची बातमी आली त्या दिवशी महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक तोंडी दुसरे नाव खाशाबांचे होते.

स्वप्नीलच्या मागे खाशाबांपेक्षा जास्त काही होते. राज्याची क्रीडा प्रबोधिनी होती, रेल्वेतली नोकरी होती, प्रशिक्षक होते. तरीही पदकानंतरच्या बातम्यांत एक ओळ वाचायला मिळाली : वडील शिक्षक, आणि मुलाच्या सरावाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढले होते.