दोन किलोंचे दोन जीव

वडाळ्याच्या भक्ती पार्कमागची कांदळवनं संपली की खाडीचा चिखल लागतो. हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत ओहोटीच्या वेळी तिथे रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, माना खाली घालून चरत असतात. त्यातल्या धाकट्या रोहिताचं वजन दोन किलोंच्या आसपास. भीमाशंकरच्या झाडांवरून झेपावणाऱ्या शेकरूचंही जवळपास तेवढंच.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जानेवारी 2019 मधल्या गणनेत मुंबईच्या खाडीत सुमारे 1,21,000 रोहित भरले. धाकटा रोहित दिवसाला साधारण 60 ग्रॅम शेवाळ चोचीतल्या चाळणीने गाळून खातो, तेही सुक्या वजनाने. एक लाख रोहितांचा हिशेब केला तर रोजचं सहा टन सुकं शेवाळ झालं! ज्याला आपण नुसता चिखल म्हणतो, तो एवढं पिकवतो.

सोसायटीने टॅग लावलेला रोहित इथून उडून भावनगरला पोचल्याची नोंद आहे. सरळ रेषेत हे अंतर 300 किलोमीटरहून थोडं जास्त, म्हणजे त्याची एका रात्रीची मजल. शेकरूची लांब झेप सहा मीटरची. तेवढ्या अंतरासाठी त्याला 50,000 झेपा लागतील.

शेकरूला अर्थात भावनगर नकोच आहे. त्याला हव्यात एकमेकींना भिडलेल्या फांद्या, कारण जमिनीवर ते क्वचितच उतरतं. रस्त्यासाठी झाडांत दहा मीटरची फट पाडली की त्याचं जंगल तिथेच संपतं. या राज्यप्राण्यासाठी 1985 मध्ये भीमाशंकरचं 130 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. जागतिक यादीत ते अजून 'कमी चिंते'च्या गटात असलं, तरी त्याची संख्या घटते आहे.

रोहिताला आकाश मोकळं, पण टेकायच्या जागा मोजक्या. जगातल्या धाकट्या रोहितांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास एकट्या टांझानियातल्या नॅट्रॉन सरोवरावर जन्मतात. भारतात त्यांची वीण कच्छच्या रणात होते. जोडी एका वेळी एकच अंडं घालते. म्हणून लाखोंचे थवे असूनही हा पक्षी संकटाच्या उंबरठ्यावर आहे. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेत 39 रोहित मेले. एवढी भरपाई व्हायला 39 अंडी उबून पिल्लं मोठी व्हावी लागतात.

2015 चं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे 17 चौरस किलोमीटरचं, ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यानचं. शिवडी-वडाळ्याचा चिखल त्याच्या हद्दीबाहेर राहिला. त्यालाही तसंच संरक्षण मिळावं, ही मागणी वडाळेकरांनीच लावून धरायला हवी.