भावशबलता

संस्कृत साहित्यशास्त्रातील एक संकल्पना. एकाच उक्तीतून अनेक भाव संमिश्र रूपाने व्यक्त होतात, तेव्हा तिला भावशबलता म्हणतात. ‘शबल’ म्हणजे नाना रंगांचे. दोनच तुल्यबल भाव एकत्र आल्यास तो भावसंधी होय. मम्मटाच्या काव्यप्रकाशातील (११ वे शतक) उदाहरणात एकाच श्लोकात वितर्क, औत्सुक्य, मती, स्मरण, शंका, दैन्य, धृती व चिंता हे आठ भाव येतात. बोलणारा मात्र त्यांपैकी एकाचेही नाव घेत नाही. पुढचा भाव मागच्याला दडपतो तीच शबलता, हे काही टीकाकारांचे मत जगन्नाथ पंडिताने (१७ वे शतक) अमान्य केले. त्याच्या मते भाव परस्परबाधक असोत वा उदासीन, त्यांचे मिश्रण पुरेसे आहे. अनुभवाशी हेच मत अधिक जुळते. रुसलेल्या माणसाचा राग संपल्यावरच माया सुरू होते, असे नाही.

भावाचा त्याच्या नावाने उल्लेख करणे हा मम्मटाने दोष मानला आहे. व्यभिचारी भावांच्या बाबतीत क्वचित अपवाद त्याने मान्य केला. इंग्रजी कथात्म लेखनात संवादानंतर ‘म्हणाली’ या अर्थाच्या क्रियापदाला क्रियाविशेषण जोडून भाव सांगण्याची पद्धत रूढ आहे. या कसोटीवर ती सदोष ठरेल. ‘मेल्या, इतके दिवस होतास कुठे ?’ या मराठी वाक्यात राग, जिव्हाळा व सुटकेची भावना संबोधनातच सामावतात. इंग्रजीत ते उतरवताना केवळ शब्दशः भाषांतर केल्यास शिवी उरते, माया जाते. म्हणून तेथे हावभावाचे वर्णन जोडणे बहुधा अटळ होते. अशा वेळी स्वराचे नाव सांगण्यापेक्षा कृती दाखविणे अधिक समर्पक.

विदर्भात या विषयाला जुनी परंपरा आहे. वत्सगुल्म (सध्याचे वाशिम) येथील वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन (४ थे शतक) याने माहाराष्ट्री प्राकृतात हरिविजय हे काव्य रचले. मानिनी सत्यभामेच्या अनुनयासाठी कृष्ण पारिजात वृक्ष आणतो, हा त्याचा विषय. आनंदवर्धनाने रसानुकूल कथारचनेसाठी कालिदासाबरोबर या काव्याचा निर्देश केला आहे. मात्र ते लुप्त झाले असून भोजादी ग्रंथकारांनी उद्धृत केलेले सुटे श्लोकच उरले आहेत. त्यामुळे सत्यभामेचा मान बोलता बोलता कसा विरघळत गेला, हे कळण्यास मार्ग उरलेला नाही.