पाळणाघरातील उचल आणि कंबरेचा हिशेब

गोदामातील हमालाने दिवसभरात किती पोती उचलली, याची नोंद मुकादमाच्या वहीत असते. पाळणाघरातील बाई दिवसभरात किती वजन उचलते, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही. मूल म्हणजे माल नव्हे, हे खरे. पण कंबरेला हा फरक समजत नाही.

आपल्या अनेक भगिनी घरच्या घरी पाळणाघर चालवितात. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारी आली. म्हणजे हा विषय मोठ्या कारखानदारांचाही आहे आणि लाकडी सामान बनविणाऱ्या कारागिरांचाही.

वर्षाचे निरोगी मूल साधारण ९ किलोचे, दोन वर्षांचे १२ किलोच्या आसपास, तीन वर्षांचे १४ किलोचे असते. एका बाईकडे सहा मुले आहेत, प्रत्येकाला ती दिवसातून दहा वेळा उचलते आणि सरासरी वजन १० किलो, असे धरू. बेरीज सहा क्विंटल होते! तीही बहुधा जमिनीवरून, वाकून. शिवाय पोते हातपाय तरी झाडत नाही.

अमेरिकेतील 'नायॉश' या सरकारी संस्थेने कामगारांच्या उचलीसाठी १९९१ मध्ये सुधारित सूत्र तयार केले. सर्व काही अनुकूल असेल तर २३ किलोपर्यंतची उचल त्यात योग्य मानली आहे. मात्र ओझे शरीरापासून जितके लांब, तितकी ही मर्यादा खाली येते. घोट्यांपासून ओझ्यापर्यंतचे अंतर २५ सेंटिमीटरवरून ५० झाले की मर्यादा निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो. हे सूत्र निर्जीव मालासाठी आहे. वळवळणाऱ्या मुलासाठी याहून कमीच धरावे. कठड्यावरून हात लांब करून दोन वर्षांचे मूल बाहेर काढणारी बाई ही मर्यादा रोज ओलांडत असते.

जुना हमाल हे न शिकता जाणतो. तो ओझे अंगाला चिकटवून घेतो आणि वळताना कंबर न पिळता पाय फिरवितो. मुलाच्या बाबतीतही तेच करावे. जवळ जावे, एक गुडघा जमिनीला टेकावा, मुलाला छातीशी घ्यावे आणि पायांच्या जोरावर उठावे. उचलण्यापूर्वी मुलाला सांगावे, म्हणजे ते स्वतःच हात वर करते. कडेवर घेताना नेहमी एकच बाजू नको. झोळी खाली टांगलेली असेल तर वाकून नव्हे, बसून मूल काढावे. पदर, ओढणी किंवा बुरख्याचा घोळ पायात येणार नाही असा आवरून घ्यावा. गरोदर बाईकडे मोठ्या मुलांची उचल देऊ नये.

एका हाताला धरून मूल वर खेचणे तर कटाक्षाने टाळावे. पाच वर्षांखालील मुलांचा कोपर अशा हिसक्याने जागचा सरकतो. इंग्रजीत या दुखण्याला दाईचा कोपर अशाच अर्थाचे नाव आहे! असे झाल्यास घरी ओढाताण न करता मुलाला डॉक्टरकडे न्यावे.

पण केवळ शिकवणुकीने भागणार नाही. दिवसाच्या पन्नासाव्या उचलीला नियम कोण पाळतो? म्हणून उचलच कमी व्हावी, आणि येथे आपल्या सुतार बांधवांचे काम सुरू होते. लंगोट बदलण्याचे टेबल बाईच्या कमरेइतके उंच असावे. माप छापील चित्रावरून न घेता काम करणाऱ्या बाईचे घ्यावे. टेबलाला कडा असाव्यात, तरीही मुलाला त्यावर एकटे सोडू नये. टेबलाला दोन-तीन रुंद पायऱ्या जोडल्या की चालते मूल बाईचा हात धरून स्वतः वर चढते. मोठ्या मुलांना खाटेऐवजी जमिनीवर गाद्या द्याव्यात. दारातील अडसराला उघडणारी झडप ठेवावी, म्हणजे मुलाला त्यावरून पलीकडे द्यावे लागत नाही.

एक इशारा मात्र देणे भाग आहे. वाकणे वाचावे म्हणून एक बाजू खाली सरकणारा पाळणा पुष्कळ गिऱ्हाइके मागतात. अशा पाळण्यांची सरकती बाजू निखळून फटीत बालके अडकून दगावली, म्हणून अमेरिकेने २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. चारही बाजू पक्क्या ठेवून तळफळी वर-खाली बसविता येईल असा पाळणा करावा. तान्ह्या बाळासाठी फळी वर ठेवावी. मूल बसू लागले की ती खाली घ्यावी. अशा कामाला चार बोल्ट आणि थोडी मजुरी जास्त लागते, तेवढे गिऱ्हाइकाकडून मोकळेपणाने मागून घ्यावे.